धूम ठोकण्याइतकी जागा

खोडी काढायला फारशी अक्कल लागत नाही, निसटायला लागते. कोणती गल्ली पलीकडे निघते, कोणत्या जिन्याचा दरवाजा दुपारी उघडा असतो, कोणत्या घरातलं कुत्रं नुसतंच भुंकतं आणि कोणतं खरंच मागे लागतं, हे आधी ठाऊक असावं लागतं. दक्षिण दिल्लीतल्या सरोजिनी नगरात वाढलेल्या आमच्या पिढीनं हा भूगोल शाळेतल्या भूगोलाच्या आधी शिकून घेतला. आज सरोजिनी नगर म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसालाही शंभर-दोनशे रुपयांत टॉप आणि कुर्ते देणारा बाजार आठवतो. दिल्ली बघायला आलेल्या भाच्या-पुतण्या एक वेळ कुतुबमिनार चुकवतील, सरोजिनी चुकवणार नाहीत. त्या बाजाराच्या पाठीशी एक अख्खी वसाहत होती. तिथे पळणाऱ्या मुलांबद्दल आणि बाजारात आजही पळावं लागणाऱ्या मुलांबद्दल मला लिहायचं आहे.

वसाहत स्वातंत्र्यानंतरची. केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी १९५०च्या दशकात रिंग रोडला लागून क्वार्टर्स उभी राहिली, तेव्हा त्यांची नावंसुद्धा हुद्द्याप्रमाणे ठेवली होती. शिपायांचं सेवा नगर, कारकुनांचं विनय नगर, आणि वरच्या साहेबांचं मान नगर, शान नगर. ही उतरंड पुढे लोकांना खटकली आणि नावं बदलली. सेवा नगरचं कस्तुरबा नगर झालं, मान नगरचं भारती नगर, शान नगरचं रवींद्र नगर, आणि विनय नगरच्या मोठ्या भागाला सरोजिनी नायडूंचं नाव मिळालं. तिथल्या बंगाली शाळेच्या पाटीवर मात्र जुनं विनय नगर अजून टिकून आहे. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांनी बाजारात दुकानं थाटली. क्वार्टरांमध्ये बंगाली, तमिळ, मल्याळी, गढवाली, उत्तर प्रदेशातले आणि अधूनमधून आमच्यासारखं एखादं मराठी बिऱ्हाड. आमची मराठी शाळा लांब, पहाडगंजला. त्यामुळे खेळायची भाषा हिंदी, मार खायची मराठी.

या वसाहतीची रचना आजच्या वास्तुरचनाकारांनी मुद्दाम अभ्यासावी अशी होती. दुमजली घरांच्या रांगा, मधे चौकोनी मैदान, आणि घरांच्या पाठीमागे एक अरुंद गल्ली. त्या गल्लीत मोलकरणी, भंगारवाले, मांजरं आणि आम्ही. पुढच्या दारानं आत शिरून मागच्या दारानं बाहेर पडता येई, आणि उन्हाळ्यात दोन्ही दारं सताड उघडी असत. कडेला कडुनिंब, पिंपळ, जांभूळ, शहतूत म्हणजे आपली तुती. एका ब्लॉकमधून दुसऱ्या ब्लॉकमध्ये जायला कुठेही फाटक नव्हतं. पलीकडे पिलंजी गाव. ते दिल्ली व्हायच्या आधीपासूनचं, आणि तिथली मुलं आमच्यापेक्षा चपळ.

खोड्यांचं वर्ष ऋतूंनुसार ठरलेलं असे. जानेवारीत लोहडी, म्हणजे आधीचे पंधरा दिवस लाकूडफाटा गोळा करणं, आणि कुणाची मोडकी खुर्ची अंगणात राहिली असेल तर ती रातोरात होळीसारखी पेटायला तयार. मार्चमध्ये होळीचे फुगे. एप्रिलमध्ये तुती, तिचे डाग हातावर आणि शर्टावर राहत म्हणून पकडलं जायची शक्यता सर्वांत जास्त. मे महिन्यात सगळी वसाहत बाहेर मैदानात चारपाया टाकून झोपायची. गाढ झोपलेल्या एखाद्या काकांची चारपाई चौघांनी अलगद उचलून दुसऱ्या ब्लॉकच्या मैदानात ठेवायची, ही आमच्याकडची सर्वांत मानाची कामगिरी होती. थंडीत क्रिकेट आणि फुटलेल्या काचा. काच फुटली की घरातला माणूस ओरडायचा आणि मग सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यालयात, ज्याला सगळी कॉलनी ‘इन्क्वायरी’ म्हणे, तिथल्या वहीत तक्रार लिहून यायचा. काच सरकारची, चेंडू आमचा, आणि सुतार यायला लागणारा वेळही सरकारी.

जांभळांची हकिगत थोडी सविस्तर सांगते, कारण ती आजही घडते. नवी दिल्लीच्या रस्त्यांवरची जांभळाची झाडं नगरपालिकेची. जून-जुलैत फळं उतरवण्याचा ठेका दिला जातो. ठेकेदाराचा एक माणूस झाडावर चढतो, फांदी गदगदा हलवतो, आणि खाली चौघं जण चार कोपरे धरून मोठी चादर ताणून उभे असतात. टपटप जांभळं पडतात. काही चादरीत, काही रस्त्यावर फुटून जांभळा सडा. मुलांचं लक्ष त्या क्षणावर असतं, कारण फांदी हलत असताना चादर धरलेल्या चौघांपैकी एकालाही हात सोडता येत नाही. एकानं सोडला तर सगळा माल मातीत. तेवढ्यात चादरीखालून वाकून जायचं, काठावरची मूठभर उचलायची आणि पळायचं. झाडावरचा माणूस शिव्या देतो, पण उतरायला त्याला वेळ लागतो. हे सारं दहा सेकंदांत आटपावं लागे. ज्याला दहा सेकंदांत रस्ता ओलांडता येत नसे त्याच्यावर नाक्यावर पहारा द्यायचं काम.

वेगानं पळणाऱ्याला टोळीत मान होता, पण सर्वांत धोक्याचं काम त्याच्याच गळ्यात पडे. बेल त्यानं वाजवायची, भिंतीपलीकडचा चेंडू त्यानं आणायचा, आणि पकडापकडी सुरू झाली की मागे लागलेल्या माणसाला मुद्दाम आपल्या अंगावर घेऊन लांब न्यायचं, म्हणजे बाकीचे घरी पोचत. हा अलिखित नियम होता आणि तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खेळात घेत नसत. सावकाश पळणाऱ्याचाही एक धर्म होता: पकडलं गेल्यावर कुणाचं नाव सांगायचं नाही. माझ्या मते आमच्या वसाहतीनं मुलांना दिलेलं नागरिकशास्त्र ते हेच.

आणि मागे लागलेले? ते पळत, पण ब्लॉकच्या कोपऱ्यापर्यंत. कोपरा आला की कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि बापाच्या नावानं हाक मारत. मला वाटतं, पळण्याचा खरा फायदा तिथे दडलेला आहे. पळून आम्ही सुटत नव्हतो. प्रत्येकाला प्रत्येकाचं मूल माहीत होतं, संध्याकाळी तक्रार घरी पोचणारच असे. पळाल्यामुळे मिळत होते ते तीन-चार तास. तेवढ्यात काकांचा राग निवत असे, चहा होत असे, आमच्या बाबांशी महागाई भत्त्याचं बोलणं निघत असे. हाताशी सापडलेल्या मुलाला बसणारा रट्टा संध्याकाळपर्यंत नुसत्या कानपिचक्यांवर आलेला असे. चपळ मुलाला मार कमी बसतो तो असा. त्याचा गुन्हा कमी होत नाही, समोरच्याचा पारा उतरायला वेळ मिळतो.

मराठी बालसाहित्यानं हे कधीच ओळखलं होतं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ‘फास्टर’ झाला तो पायांच्या आणि सायकलीच्या वेगामुळे, आणि त्याचं प्रत्येक साहस सुरू होतं ते कुठेतरी नाक खुपसल्यामुळे. १९८७च्या सुमारास सुमीत राघवननं तो दूरदर्शनवर उभा केला. दिल्लीत बसून त्या मालिकेत पुण्याचे रस्ते बघताना आमच्या घरातल्या धाकट्यांना आपण कुठले, हे पहिल्यांदा कळलं असावं. फेणे पळतो आणि पळता पळता विचार करतो. शांत बसून विचार करणारी मुलं गोष्टींमध्ये पुष्कळ आहेत, धावताना विचार करणारं मूल दुर्मीळ आहे.

धावताना विचार करण्याचा खेळ मात्र महाराष्ट्रानं जगाला दिला. पाठलागाला नियम लावून पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली खो-खोला शिस्त आणली, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याची प्रात्यक्षिकं दाखवली. खो-खोत नुसता वेग कामाचा नाही. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही, बसलेल्यांच्या मधून जाता येत नाही. पळणाऱ्याला सगळं करता येतं. तो बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी साखळी खेळतो, हूल देतो, खांबाला वळसा घालतो. म्हणजे खेळ मुद्दामच पळणाऱ्याच्या बाजूनं झुकवलेला आहे, आणि त्याची भरपाई म्हणून पाठलाग करणाऱ्याला आठ साथीदार दिले आहेत. आमच्या मागच्या गल्लीचे नियम अगदी असेच होते. काकांना दिशा बदलणं जमत नसे, आम्हाला जमे. फक्त काकांच्या बाजूनं दर दोन घरांवर एक आंटी खिडकीत उभी असे.

हा खेळ गेल्या काही वर्षांत मॅटवर आला. १३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांचे कर्णधार मराठी: पुरुषांचा प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे. दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. महिलांनी ७८-४० असा आणि पुरुषांनी ५४-३६ असा जिंकला. दिल्लीतल्या मराठी माणसाला त्या आठवड्यात जो आनंद झाला तो मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गणेशोत्सव आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवापलीकडे आपलं म्हणावं असं काहीतरी या शहरानं पाहिलं.

दिल्लीनं मराठी वेग त्याआधीही पाहिला होता. मार्च १७३७च्या अखेरीस मोगल सरदार सादतखानानं बादशहाला कळवलं होतं की मराठ्यांना चंबळेपार हाकललं. छत्तीस वर्षांच्या बाजीरावानं ते खोटं पाडायचं ठरवलं, मोगली फौजांना बगल देऊन मेवातच्या वाटेनं मजल दरमजल नव्हे तर एका दमात दिल्ली गाठली आणि कालका देवीच्या देवळाजवळ मुक्काम टाकला. पुढे ताल कटोऱ्याकडे सरकून समोर आलेल्या फौजेचा मोड केला आणि मोठी मोगली सैन्यं परत फिरून यायच्या आत निघूनही गेला. शहर लुटलं नाही. कालकाजी आणि ताल कटोरा यांच्या मधे नकाशावर रेघ ओढली तर ती आजच्या सरोजिनी नगरापासून थोड्याच अंतरावरून जाते. शाळेत हा धडा शिकताना आम्हा मुलांना त्यात राजकारण दिसलं नव्हतं. आम्हाला दिसली होती बादशहाची वाजवलेली बेल.

पण पळण्याची प्रत्येक गोष्ट अशी हसत सांगता येत नाही. दिल्लीशी नातं असलेल्या सर्वांत थोर धावपटूनं पहिली धाव घेतली ती जीव वाचवायला. फाळणीत मिल्खासिंगचे आईवडील आणि भावंडं त्याच्या गावी मारली गेली. पळ, असं वडिलांनी सांगितलं आणि तो पळाला. दिल्लीत पुराना किल्ल्याची निर्वासित छावणी, शाहदऱ्याची वस्ती, बहीण ईश्वरकौरचा आधार. विनातिकीट प्रवास केला म्हणून याच काळात त्याला तुरुंगात टाकलं, आणि बहिणीनं आपले दागिने विकून सोडवलं. मिल्खाच्या चरित्रातला हा प्रसंग मला रोमच्या चारशे मीटरपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. १९६० साली रोममध्ये तो चौथा आला, आणि ती शर्यत देशानं साठ वर्षं जपली. पण ज्या वयात आमच्यासारख्यांना तुतीच्या डागांवरून रट्टा बसत होता, त्या वयात त्याला कोठडी मिळाली. फरक पायांत नव्हता. त्याच्या बापाच्या नावानं हाक मारणारं कोपऱ्यावर कुणी उरलं नव्हतं.

मुलींच्या वाट्याला हे पळणं किती आलं, तेही सांगितलं पाहिजे. मी बाराव्या वर्षापर्यंत ब्लॉकमधल्या बहुतेक मुलांपेक्षा जोरात पळायचे. मग एक दिवस घरातल्यांनी, शेजाऱ्यांनी आणि शाळेतल्या बाईंनी जणू ठरवून सांगावं तसं सांगितलं की आता चालायचं. कुणी रागावलं नाही, फक्त सगळ्यांनी एकाच आठवड्यात सांगितलं. माझ्याबरोबरीची मुलं पुढची सहा-सात वर्षं पळत राहिली. आणि त्यांच्यातल्या काहींची खोडी हळूहळू मुलींच्या वाटेत उभं राहण्याकडे वळली, बसमधल्या धक्क्यांकडे वळली, होळीच्या फुग्यांत पाण्याऐवजी बर्फ भरण्याकडे वळली. त्याला खोडी म्हणायला मी तयार नाही. ज्याची चारपाई उचलून नेली ते काका दुसऱ्या दिवशी स्वतः हसत ती गोष्ट सांगत होते. जिच्या पाठीत बर्फाचा फुगा बसला ती मुलगी पुढच्या होळीला घरात बसली. समोरच्याला संध्याकाळी हसता येत नसेल, तर तुम्ही पळालात ते खोडी काढून नव्हे, गुन्हा करून.

याच दिल्लीत मुलींच्या पळण्याला टाळ्या मिळाल्याच नाहीत असं मात्र नाही. १९५१च्या मार्चमध्ये पहिले आशियाई खेळ इथे झाले. मुंबईच्या लेव्ही पिंटोनं शंभर आणि दोनशे मीटरची दोन्ही सुवर्णपदकं घेतली, हे क्रीडारसिकांना आठवतं. मुंबईच्याच रोशन मिस्त्रीनं महिलांच्या शंभर मीटरमध्ये रौप्य आणि मेरी डिसूझानं दोनशे मीटरमध्ये कांस्य मिळवलं, हे फार थोड्यांना. १९८२च्या एशियाडमध्ये पी. टी. उषाची दोन रौप्यपदकं आम्ही टीव्हीवर पाहिली. आणि ऑक्टोबर २०१०मध्ये सरोजिनी नगरापासून काही किलोमीटरवरच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक जिंकलं. पाड्यावरच्या मुलीला लहानपणी कुणी चाल असं म्हटलं नाही, कारण पाणी आणि शाळा दोन्ही लांब होती.

आता बाजारात येऊ. सोमवार सोडून कुठल्याही दुपारी मेट्रोच्या गुलाबी मार्गावरून सरोजिनी नगर स्थानकात उतरा आणि गर्दीबरोबर चालू लागा. पक्क्या दुकानांच्या पुढे, दोन रांगांच्या मधे, झाडाच्या पाराला टेकून अठरा-वीस वर्षांची पोरं जमिनीवर कपड्यांचे ढीग मांडून बसलेली असतात. काहींना मिसरूडही फुटलेलं नसतं. निर्यातीतून उरलेला माल, लेबलं कापलेली. ‘सौ का एक’ची आरोळी. एक मुलगी टॉप अंगाला लावून बघते, दुसरी घासाघीस करते. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून एकच शब्द येतो: कमेटी. नगरपालिकेची अतिक्रमणविरोधी गाडी.

पुढचं जवळून पाहण्यासारखं असतं. कपड्यांचा ढीग ज्या चादरीवर असतो तिचे चारही कोपरे आधीच मोकळे ठेवलेले असतात, त्यावर एकही कपडा पडू देत नाहीत. शब्द ऐकताच पोरगा उठत नाही, आधी वाकतो. दोन कोपरे डाव्या हातात, दोन उजव्या, एक हिसका, एक गाठ, आणि गाठोडं पाठीवर. ग्राहकाच्या हातात राहिलेला टॉप तो मागत नाही. पुष्कळदा ती मुलगीच त्याच्या मागे चार पावलं धावून पैसे देते. तोवर तो दोन दुकानांमधल्या फटीतून मागच्या गल्लीत पोचलेला असतो. जमिनीवर फक्त धुळीत उमटलेला चादरीचा चौकोन राहतो. गाडी निघून गेली की थोड्या वेळानं तोच पोरगा त्याच चौकोनावर परत येतो. ज्याला उशीर झाला त्याचं गाठोडं गाडीत. ते सोडवायला दंड, खेपा आणि बुडालेले दिवस. माल बहुधा उधारीवर उचललेला असतो.

या मुलांना कुणीही खोडकर म्हणणार नाही, आणि त्यांना खोडकर असणं परवडतही नाही. पाय आमच्याइतकेच चपळ, गल्ल्या त्याच, पण आम्हाला पळून तीन-चार तासांची उसंत मिळत होती, यांना पुढच्या आरोळीपर्यंतची. पाठलाग करणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. वरून हुकूम असतो, आणि बाजारातली गर्दी खरोखर भीतिदायक आहे. २९ ऑक्टोबर २००५ला, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी, दिल्लीत तीन ठिकाणी बॉम्बस्फोट झाले. साठाहून अधिक माणसं गेली, त्यातली सर्वांत जास्त सरोजिनी नगरच्या बाजारात. जखमींना जवळच्या सफदरजंग आणि एम्स रुग्णालयांत नेलं. ज्यांनी त्या दिवाळीत या भागात घर सजवलं असेल त्यांना कंदील लावताना काय वाटलं असेल, ते लिहिणं मला अजून जमत नाही. डिसेंबर २०२१मध्ये बाजारातल्या तुफान गर्दीची छायाचित्रं पाहून दिल्ली उच्च न्यायालयानंही चेंगराचेंगरीची भीती बोलून दाखवली होती. रस्ता मोकळा असायला हवा, यात वादच नाही.

पण त्यासाठी रोज पाठशिवणीचा खेळ खेळायची गरज नाही. २०१४चा पथविक्रेता कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यात सापडलेल्या आणि चौदा वर्षं पूर्ण झालेल्या विक्रेत्याला प्रमाणपत्र द्यायचं, आणि ते होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. शहर विक्री समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे. जप्त केलेला टिकाऊ माल मागणी केल्यापासून दोन कामाच्या दिवसांत परत, नाशवंत माल त्याच दिवशी. कायदा होऊन दहा वर्षं उलटून गेली. प्रमाणपत्र हातात आणि जागेवर आखलेली रेघ एवढं मिळालं तर रस्ताही मोकळा राहील आणि पोराला धंद्यासाठी पळावं लागणार नाही. मग त्यानं संध्याकाळी हवं तर मैदानात पळावं.

मैदान मात्र उरलं पाहिजे. जुलै २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सरोजिनी नगरसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली: १२,९७० जुनी घरं पाडून सुमारे २५,६६७ नवी, अंदाजे खर्च ३२,८३५ कोटी रुपये. सरकारी नोकरांना घरं कमी पडत होती, जुन्या क्वार्टरांच्या स्लॅबमधून सळ्या दिसत होत्या, हे मी नाकारत नाही. २०१८च्या जूनमध्ये हजारो झाडं तोडली जाणार असं कळल्यावर दिल्लीकर सरोजिनी नगरात जमले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि उच्च न्यायालयानं तोड थांबवली. त्या गर्दीत वसाहतीत वाढून दूर गेलेली मध्यमवयीन माणसंही होती. पुढे काम झालं, होतंच आहे. दुमजली घरांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. मधली मैदानं आता आखीव बागा आहेत, मागची गल्ली आराखड्यातच नाही, आणि तळमजल्याला दार असतं ते लिफ्टचं.

हे फक्त दिल्लीत घडत नाही. पुण्यात कोथरूडला, ठाण्यात घोडबंदरला, नागपुरात, कोल्हापुरात नव्या गृहसंकुलांमध्ये मी हेच बघते. फाटक, पहारेकरी, कॅमेरा. कॅमेऱ्यापुढे वेगाचा काही उपयोग नाही. तो कोपऱ्यावर थांबत नाही, त्याला दम लागत नाही, त्याचा राग निवत नाही. दुपारी चार वाजता फुटलेल्या दिव्याचं चित्रीकरण सव्वाचारला सोसायटीच्या ग्रुपवर असतं, आणि साडेचारपर्यंत चाळीस अनोळखी माणसांनी त्या दहा वर्षांच्या मुलाबद्दल मत दिलेलं असतं. पूर्वी त्याचा न्याय एका काकांनी, एका बापानं आणि एका चहाच्या कपानं केला असता.

देशाचा कायदा मुलांच्या बाबतीत आपल्यापेक्षा समजूतदार आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. बारापर्यंत त्याला परिणाम कळत होते का हे पाहावं लागतं. बाल न्याय नियमांप्रमाणे मुलाच्या हातून किरकोळ अपराध झाला तर पोलिसांनी प्राथमिक माहिती अहवाल न नोंदवता दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरची परिस्थिती समजून घ्यायची, बेड्या घालायच्या नाहीत, आणि त्याच्याशी बोलणाऱ्या अधिकाऱ्यानं गणवेश घालायचा नाही. थोडक्यात, कायद्यानं कोपऱ्यावर थांबायचं ठरवलं आहे.

शाळांना सुट्ट्या लागल्या की खाली मुलांचा गलका सुरू होईल. एखादी काच फुटेल. पैसे मुलाच्या आईवडिलांकडून जरूर घ्या, पण चेंडू परत द्या, आणि चित्रफीत ग्रुपवर टाकू नका. मुलीही पळत असतील तर त्यांना चालायला सांगू नका. आणि तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत उरलेली मोकळी जागा वाहनतळाला देण्याचा ठराव पुढच्या वर्षी येणारच आहे. त्या दिवशी सभेला हजर राहा आणि विरोधात मत द्या.